भावंडांचा कारभार : श्रीगोंद्याच्या थळझाड्यापासून वेबपानापर्यंत

नगर जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, घोड आणि भीमा या नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या श्रीगोंदे तालुक्याचा इतिहास लिहू जाणाऱ्यास लढायांची आणि वाड्यांची सामग्री मुबलक मिळते. परंतु ज्या प्रश्नाने या भागातील कुणब्यांची घरे, पाटलांचे वाडे आणि सरकारची कचेरी यांना कित्येक पिढ्या एकसारखे व्यापून ठेवले, तो प्रश्न लढाईचा नव्हता. एका मूळ पुरुषाचे अनेक वारस, जन्माने सर्वांचा दर्जा सारखा, तरी सरकारापुढे, देवापुढे आणि गावापुढे एका वेळी उभा राहावयाचा इसम मात्र एकच. तो कोणी ठरवावा, इतरांनी त्यास काय कळवावे आणि त्याचा अधिकार कोठे थांबावा, हा तो प्रश्न होय. गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावरील पाने रचणाऱ्या कारागिरांपुढे हाच प्रश्न याच स्वरूपात उभा राहिला, आणि त्यांनीही तो बऱ्याच अंशी त्याच पायऱ्यांनी सोडविला. या दोन इतिहासांची सांगड मी येथे घालीत आहे ती केवळ कौतुकापोटी नव्हे. पहिल्या इतिहासाने ज्याला भरपूर पोळले, त्या आपल्या समाजाने दुसऱ्यात त्याच चुका पुन्हा करू नयेत, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ रचणारे संत शेख महंमद यांचे हे स्थान, आणि शिंद्यांच्या घराण्याशी या गावाचा संबंध इतका निकटचा, की त्यांचे वाडे येथे उभे राहिले. दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्यांच्या नावाने मिळविणारे महादजी शिंदे स्वतःस मात्र ‘पाटील’ म्हणवून घेण्यात भूषण मानीत, हे सर्वश्रुत आहे. ज्या सरदारीवर ते चढले तीही भावंडांच्या वारशातूनच त्यांच्याकडे आली होती. राणोजी शिंद्यांच्या पाच पुत्रांपैकी जयाप्पा नागोरास मारले गेले, दत्ताजी बुराडी घाटावर पडले, जोतिबा त्यापूर्वीच गेलेले, तुकोजी पानिपतावर कामास आले. आणि तेथून जखमी पायाने परतलेल्या महादजींना घराण्याची सरदारी निर्वेधपणे मिळण्यास १७६८ साल उजाडावे लागले, कारण घराण्यातील इतर शाखांचे हक्कदारही पुढे सरसावलेले होते. भावंडांतून एकास पुढे काढण्याचा शिरस्ता ठाम नसला, म्हणजे पराक्रमी घराण्यासही इतका काळ तिष्ठत राहावे लागते.

रयतेच्या पातळीवर हा शिरस्ता अधिक ठाम होता. पुणे व नगर या प्रांतांतील जुन्या गावांची जमीन ‘थळां’त विभागलेली असे, एकेक थळ म्हणजे एका मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या, घराण्याची जमीन, आणि गावातील सर्व थळांचा जो तपशील कुळकर्णी राखी त्यास थळझाडा म्हणत. एका थळाचे सर्व वारस मिळून ‘जथा’ होई. जथ्यातील प्रत्येकाचा वाटा स्वतंत्र कसला जाई, परंतु सरकारी सारा भरण्याची जोखीम साऱ्या जथ्यावर एकत्र असे आणि वडील शाखेचा कर्ता पुरुष त्या सर्वांच्या वतीने पाटलास जाब देई. कर्नल साइक्स या इंग्रज अंमलदाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रदेशाची पाहणी करून दख्खनच्या जमीनधाऱ्यांवर जो निबंध लिहिला, त्यात थळांची ही व्यवस्था नोंदलेली आहे. तीत एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. घराणे निर्वंश झाले तरी त्याचे थळ कागदावरून पुसले जात नसे. ‘गतकुळ’ म्हणून ते आपल्या जुन्या नावानिशी झाड्यात कायम राही, आणि शेजाऱ्यांच्या थळांची मोजदाद करताना ते रिकामे स्थानही हिशेबात धरावे लागे.

वतनाच्या बाबतीत हाच प्रकार मानपानाच्या रूपाने प्रकट होई. पाटीलकीच्या तकसिमा, म्हणजे वाटण्या, झाल्या तरी वडीलपण एका शाखेकडे राही. विडा आधी कोणी घ्यावा, पोळ्याचा बैल आधी कोणाचा निघावा, होळीस पोळी आधी कोणाची पडावी, निवाड्याच्या महजरावर नांगराची निशाणी कोणी करावी, या एकेका कलमावर गोतसभा बसत आणि निवाडपत्रे लिहिली जात. आजच्या वाचकास हे तंटे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मला ते तसे वाटत नाहीत. समान दर्जाच्या अनेकांतून एका वेळी एकच पुढे यावयाचा असेल, तर क्रम कोठेतरी लिहून ठेवावाच लागतो, आणि तो लिहिण्याची जागा भावंडांच्या स्मरणाबाहेर, सर्वांस मान्य अशा दफ्तरात असावी लागते, एवढे त्या गोतसभांस पक्के उमगले होते.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेचे दोन तुकडे झाले. भीमेच्याच काठच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पाहणी सुरू केली, तिने जथा बाजूस सारून प्रत्येक खातेदारास त्याच्या सर्व्हे नंबरासाठी स्वतंत्रपणे जबाबदार धरले. उलट वतनांसाठी मुंबई सरकारने १८७४ साली जो कायदा केला, त्यात प्रातिनिधिक वतनदारांचे पत्रक तयार करून त्यांच्यातून पाळीने काम करणारा इसम नेमण्याची तजवीज ठेवली. म्हणजे जमिनीपुरते भावंड सुटे झाले; हुद्द्यापुरता गट राहिला, पण त्यातील प्रत्येकाचे नाव आणि पाळी कागदावर आली. ही दुसरी तजवीज पहिलीहून अधिक शहाणपणाची होती, असे मी मानतो.

सात-बाऱ्यावर मात्र एक तिसरीच रीत रुळली, आणि तिने पुष्कळ घरांचे नुकसान केले. बाप वारल्यावर सर्व वारसांची नावे दाखल करण्याऐवजी थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावावयाचे आणि त्यापुढे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, ही तीन अक्षरे लिहावयाची. व्यवहार सुलभ झाला. तलाठ्यास एकाशीच बोलावे लागले. परंतु धाकट्या भावांची आणि बहिणींची नावे उताऱ्यावर कोठेच नसल्यामुळे दोन पिढ्यांनंतर त्यांच्या मुलांना आपण या जमिनीचे वारस आहोत हे सिद्ध करीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६ च्या, ८५ व्या कलमान्वये वाटपाचा मार्ग मोकळा आहे. तथापि ज्याचे नावच कागदात नाही त्याने त्या मार्गावर पाऊल कोठून टाकावे?

आता पडद्यावरील पानाकडे वळू. शासनाच्या संकेतस्थळावर श्रीगोंद्यातील एखाद्या शेताचा उतारा पाहावयाचा तर जिल्हा, मग तालुका, मग गाव असे निवडीत जावे लागते. प्रत्येक यादीतील नावे एकमेकांची भावंडे असतात आणि त्यांतील एकच एका वेळी निवडलेले असते. वेबपान हे मुळात असेच वंशवृक्षाच्या आकाराचे असते : एका घटकाच्या पोटी दुसरे घटक, त्यांच्या पोटी आणखी, आणि एकाच जनक घटकाच्या पोटी असलेली ती सारी भावंडे. समजा, एका पानावर सात-बारा, आठ-अ आणि फेरफार अशा तीन कळी आहेत व त्यांखाली तीन कागद आहेत. एक कागद उघडला की उरलेले दोन मिटले पाहिजेत. नियम इतका साधा. पण तो पाळावा कोणी, याच्या उत्तरास पुरी तीन दशके लागली.

पहिले उत्तर नावाचे होते. १९९५ च्या नोव्हेंबरात, वेबपाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाण ठरली, तीत रेडिओ बटणांची व्यवस्था आहे : ज्या बटणांचे गटनाम एक, ती एका गटाची, आणि त्यांतील एकच दाबलेले राहील, हे ब्राउझरने स्वतः पाहावे. कोणी कारभारी नेमण्याचे कारण नाही. जथ्याचे नाव पुरे. ही तरतूद इतकी निर्दोष होती की ती आजतागायत चालू आहे. परंतु ती अर्जातील बटणांपुरतीच होती. मजकुराचे कागद उघडण्या-मिटण्यास तिचा उपयोग नव्हता.

त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि १ ऑक्टोबर १९९८ रोजी डब्ल्यू थ्री सी या संस्थेने वेबपानाच्या वंशवृक्षाचे पहिले प्रमाण, ज्यास कारागीर संक्षेपाने ‘डॉम’ म्हणतात, मान्य केले. जनक कोण, पहिले अपत्य कोण, पुढचे भावंड कोण, मागचे कोण, हे आता कोणत्याही घटकास विचारता येऊ लागले. मात्र या थळझाड्यातही एक गतकुळ निघाले. पान लिहिताना वाचनाच्या सोयीसाठी दोन घटकांमध्ये जी कोरी ओळ सोडली जाते, तीही या प्रमाणानुसार मजकुराचा एक घटक ठरली. त्यामुळे ‘पुढचे भावंड कोण’ असे विचारता उत्तरादाखल ती कोरी जागाच पुढे येई, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ती मोजीत नसल्यामुळे एकाच पानाचा हिशेब दोन ब्राउझरांत दोन प्रकारचा लागे. खऱ्या घटकांपुरतेच भावंड सांगणारी निराळी तरतूद डिसेंबर २००८ मध्ये प्रमाण झाली. तोवरच्या दहा वर्षांत या रिकाम्या जागांनी किती कारागिरांच्या रात्री खाल्ल्या असतील, याचा अंदाज ज्यांनी ते काम केले त्यांनाच करता येईल.

दरम्यान २००६ साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी हा साधनसंच प्रसिद्ध केला. त्यात एका घटकाची सर्व भावंडे एका शब्दात हाती देण्याची सोय होती, आणि पाने रचण्याची एक रीतच तिने घालून दिली : दाबलेल्या कळीस ‘चालू’ अशी खूण करावी व तिच्या सर्व भावंडांवरून ती खूण काढून घ्यावी. सोपेपणात या रीतीस तोड नव्हती, आणि आज अनेक जाणकार तिच्याकडे तुच्छतेने पाहतात ते मला रुचत नाही. तिने लाखो सामान्य माणसांच्या हाती हे काम दिले. तरीही तिचे वैगुण्य खरे होते. हुकूम देणारा कारकून घराबाहेर बसलेला असे. घराची रचना त्याने मनात धरलेली असे, कागदावर नसे. कोणी दोन कळींच्या मध्ये एखादा शोभेचा घटक घातला, की तोही भावंड म्हणून गणला जाई. एक कळ दुसऱ्या वेष्टनात नेली, की ती भावंडांच्या यादीतून नाहीशी होई. मग पान वाढत गेले म्हणजे असे दहा कारकून एकाच घरास परस्परविरुद्ध हुकूम देऊ लागत.

घराचा कारभारी घरातच, स्वतःच्या नावाने नांदला पाहिजे, ही कल्पना अगदी नवी नव्हती. मायक्रोसॉफ्टने आणि मोझिलाने शतकाच्या वळणावर आपापल्या परीने तसे प्रयत्न केले होते, ते आपापल्या ब्राउझरच्या कुंपणातच राहिले. २०११ साली ॲलेक्स रसेल यांनी फ्रंटियर्स या परिषदेत वेब कॉम्पोनंटची कल्पना मांडली, गूगलने २०१४ मध्ये क्रोममध्ये तिचा पहिला अवतार आणला, आणि पुष्कळ वादविवादानंतर सुधारलेला दुसरा अवतार २०१६ साली क्रोममध्ये, २०१७ साली सफारीत, ऑक्टोबर २०१८ मध्ये फायरफॉक्समध्ये आणि जानेवारी २०२० मध्ये नव्या एजमध्ये दाखल झाला. तिचे सार असे : कारागिराने स्वतःच्या नावाचा नवा घटक निर्माण करावा, त्या नावात एक जोडरेघ असावीच, म्हणजे पुढेमागे प्रमाण भाषेत येणाऱ्या नावाशी तंटा होणार नाही, आणि तो घटक पानात दाखल होताना, पानातून निघताना व त्याच्या गुणधर्मांत बदल होताना काय करावे, हे त्याच्या व्याख्येतच लिहून ठेवावे.

भावंडांचा गट सांभाळण्यास हा घटक कसा उपयोगी पडतो, ते पाहण्यासारखे आहे. तीन कळी आणि तीन कागद त्याच्या पोटी ठेवले जातात. कळ दाबली की ती आपल्या भावंडांस काही सांगत नाही; ती किती आहेत, कोण आहेत, हेही तिला ठाऊक नसते. दाबल्याची वर्दी वंशवृक्षातून आपोआप वर चढते, ती वाटेत जनक घटकाच्या कानी पडते, आणि कोणते उघडावयाचे व कोणते मिटावयाचे याचा निर्णय तोच एकटा करतो. चौथी कळ नंतर आली तर पहिल्या तिघींत एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. पोटी नवे अपत्य आल्याची खबर मिळण्याची सोय जनकास स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. पूर्वी दहा भावंडांपैकी प्रत्येकाने उरलेल्या नऊंची याद राखावयाची होती. आता दहांनी एकासच ओळखले म्हणजे भागते.

ज्यांना दिसत नाही आणि जे केवळ कळफलकावर पान वाचतात, त्यांच्यासाठी तर हा कारभारी अपरिहार्य आहे. अशाच वाचकांसाठी २०१४ साली प्रमाण झालेल्या ‘एरिया’ (ARIA) नियमांनुसार टॅबांच्या, म्हणजे वर पाहिलेल्या कळींसारख्या कळींच्या, गटास गट म्हणून जाहीर करावे लागते, निवडलेला कोणता ते सांगावे लागते. आणि प्रचलित शिरस्ता असा, की कळफलकावरील ‘टॅब’ कळीने गटातील एकाच भावंडापाशी पोचता यावे, मग बाणांच्या कळींनी ती पाळी पुढच्याकडे जावी. पाळी कोणाकडे आहे याची नोंद ठेवणारा कोणीतरी हवा, आणि ती नोंद ठेवणे हेच या जनक घटकाचे खरे काम होय. १८७४ च्या कायद्याने वतनदारांच्या पत्रकात जे करू पाहिले, ते येथे एका डोळसपणे लिहिलेल्या व्याख्येत साधते.

मात्र या व्यवस्थेत एक अडचण आहे, जी नवशिक्यास हमखास गाठते. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. त्यामुळे पुष्कळदा जनक घटक आधी जागा होतो आणि त्याच क्षणी पोटच्या अपत्यांची मोजदाद करू लागतो, तेव्हा ती अद्याप वाचलीच गेलेली नसतात. मोजणी शून्य भरते. यावर उपाय म्हणजे एकदाच शिरगणती करून न थांबता अपत्ये येत जातील तशी त्यांची दखल घेणे, किंवा सारे पान वाचून झाल्यावर व्याख्या अमलात येईल अशी तजवीज करणे.

याहून गंभीर गोष्ट अधिकाराच्या मर्यादेची आहे. वेब कॉम्पोनंटबरोबर ‘शॅडो डॉम’ नावाची एक पडद्याआडची खोली मिळते. तिच्या आतील घटकांस बाहेरची सजावट थेट लागू होत नाही आणि बाहेरून त्यांचा सहसा पत्ता लागत नाही. कित्येक कारागीर भावंडांचा सारा मजकूर या खोलीतच जावास्क्रिप्टकडून निर्माण करवितात आणि मूळ पानात केवळ कारभाऱ्याचे नाव ठेवतात. मला या प्रघातात ‘ए.कु.क.’ ही तीन अक्षरे स्पष्ट दिसतात. खेड्यातील कमकुवत जोडणीवर जावास्क्रिप्टची संचिका पोचली नाही, तर वाचकास त्या जागी काहीच दिसत नाही. कारण मूळ कागदात भावंडांची नावेच नव्हती. शिवाय पडद्याआडच्या घटकाशी बाहेरच्या घटकाचे नाते ‘एरिया’च्या नेहमीच्या रीतीने जोडता येत नाही, त्यामुळे अंध वाचकाचा घात होतो तो वेगळाच. याउलट भावंडे मूळ पानात उघडपणे, आपापल्या मजकुरासह लिहिली आणि कारभाऱ्याने त्यांस केवळ क्रम लावून दिला, तर कारभारी गैरहजर राहिला तरी तिन्ही कागद एकाखाली एक वाचता येतात. गैरसोय होते, हक्क जात नाही.

अलीकडे या इतिहासाने आणखी एक वळण घेतले. मजकूर उघड-मीट करणाऱ्या ‘डिटेल्स’ या प्रमाण घटकास गटनाम देण्याची सोय डिसेंबर २०२३ मध्ये क्रोम व सफारी यांत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये आली. एकाच नावाच्या घटकांपैकी एक उघडला की दुसरा आपोआप मिटतो. १९९५ ची रेडिओ बटणांची युक्ती अशा रीतीने मजकुरास लागू झाली, आणि साध्या कामासाठी नेमलेले असंख्य कारभारी एका दिवसात अनावश्यक ठरले. मला याचा आनंदच वाटला. जेथे नुसते नाव पुरते तेथे कर्ता नेमू नये. जेथे पाळी राखावयाची, नवे भावंड सामील करून घ्यावयाचे, कळफलकावरील वाचकाची सोय पाहावयाची, तेथे तो अवश्य नेमावा, आणि त्याचे अधिकार त्या कामापुरतेच ठेवावेत.

श्रीगोंदे, काष्टी, बेलवंडी या गावांतून पुण्यास शिकावयास जाणाऱ्या आणि पाने रचण्याचा हा धंदा पत्करणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच आहे, की वेब कॉम्पोनंट लिहिण्यास आज कोणताही साधनसंच लागत नाही, साधा मजकूर-संपादक आणि ब्राउझर पुरतो. तेव्हा तो जरूर लिहावा, परंतु त्याआधी सर्व भावंडे मूळ पानात नावानिशी मांडावीत. आणि ज्या वाचकांच्या सात-बाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे अद्यापि ए.कु.क. अशी नोंद असेल, त्यांनी उतारा आजच काढून पाहावा व सर्व वारसांच्या नावांनिशी तलाठ्याकडे अर्ज द्यावा.